भावोजींची पाठ

प्रिय ताई,

"दोघींना एकाच ताग्यातलं कापड घेते, म्हणजे भांडायला नको," असं आई म्हणायची. आठवतंय? कापड एकच असायचं, तरी तुझ्या फ्रॉकची झालर जास्त घेराची आहे असं मला कायम वाटायचं. आई टेप लावून दाखवायची. माझा टेपवरही विश्वास नव्हता.

रविवारी तुझ्याकडे येऊन गेले, तेव्हापासून ती झालर डोळ्यांपुढून हलत नाही. "एवढ्यात काय निघतेस गं? जेवून तरी जा," म्हणालीस. मी डोकं दुखतंय म्हणून उठले. डोकं नव्हतं दुखत. तुझ्या बाल्कनीत भावोजींचे शर्ट वाळत होते, ओले, बाह्या खाली लोंबणारे. माझ्याकडे ह्यांचे शर्ट कपाटात घडी घालून पडलेत. मधूनच मी ते धुते, वाळत घालते, परत ठेवते. शेजारणीला वाटतं माझं डोकं फिरलंय. आणि चहा गाळताना तू तक्रार केलीस, "इतके घोरतात गं, डोळ्याला डोळा लागत नाही." ताई, मला त्या घोरण्याचासुद्धा हेवा वाटला. हसू नकोस.

तुझ्या नवऱ्याच्या मित्राशीच मी लग्न केलं, म्हणजे त्यातही तुझीच नक्कल. दोघं एकाच पार्सल कंपनीत, एकाच व्हॅनवर. किती मिरवायचो आपण. मग पोलिसांनी व्हॅन अडवली, ड्रायव्हरच्या सीटखाली खोका सापडला आणि खोक्यात ती नशेची पावडर. हे स्टिअरिंगवर होते, भावोजी शेजारी. भावोजींना खोक्याचं माहीत असेलच असं दिसत नाही म्हणून कोर्टाने त्यांना जामीन दिला. माल मोठा, सीट ह्यांची, म्हणून ह्यांचा अर्ज दोनदा फेटाळला. भावोजी सुटले त्या दिवशी मी तुला मिठी मारून म्हटलं, खूप आनंद झाला. झालाही होता, पण संध्याकाळपर्यंत पुरला नाही. तो खोका तिथे कोणी ठेवला, हे मी तुला कधी विचारलेलं नाही. आजही विचारत नाही.

आमच्या वकीलबाई सांगतात, माणसाला आत ठेवायचं तर खटला लवकर चालवावा लागतो, तो त्याचा हक्क आहे. खटला फार रखडला तर तेवढ्या कारणावरूनही जामीन मागता येतो. ऐकून मला हायसं वाटलं होतं. पण सरकारी वकील उठून म्हणतात, उशीर तर आरोपींकडूनच होतोय. ते काही खोटं नाही. दर तारखेला भावोजींचे वकील डॉक्टरचा दाखला पुढे करतात, पाठ धरलीय, उठवत नाही, आणि त्यांच्या गैरहजेरीत साक्ष घ्यायलाही हरकत घेतात. दोघांचा खटला एक, त्यामुळे ह्यांचाही तिथेच थांबतो. मागच्या वेळी साक्षीदार लांबून आला होता. बाकावर बसून बसून परत गेला.

आणि रविवारी भावोजी शिडीवर चढून छत रंगवत होते. तू खालून ओरडत होतीस, "अहो, थेंब पडतायत, जरा बघा की." मला बघताच ते सावकाश उतरले आणि कमरेवर हात ठेवला. मला त्यांचा राग नाही आला गं. तू शिडी धरून उभी होतीस, त्याचा आला.

तुरुंगात भेटीला गेले की काचेपलीकडून ह्यांचा पहिला प्रश्न असतो, "तुझ्या भावोजींची पाठ कशी आहे?" ह्यांना ते खरंच वाटतं. मी सांगते, थोडा आराम आहे.

निकालाच्या भीतीने तू तारखा ढकलतेस, हे मला कळतं. तारीख पुढे गेली की तुझ्या घरात आणखी थोडे दिवस शर्ट वाळतात. हे पत्र त्यासाठीच लिहिलंय. येत्या मंगळवारी तारीख आहे. भावोजींना घेऊन ये, दाखला न आणता. साक्ष होऊ दे. तू आणणार नाहीस, मला माहीत आहे. मी तुझ्या जागी असते तर मीही शिडी सोडली नसती. तरी कोर्टातल्या बाकावर पर्स ठेवून तुमच्या दोघांची जागा धरून ठेवेन.

तुझीच,
धाकटी