गेरूचे बाण, संगणकावर

२७ ऑगस्ट १९९९, शुक्र.
शेजारी पाठकांकडे फोन आला, नागपूरहून भावोजी. "वहिनी, दोघी बायका काशीत काय करणार? दिवाळीनंतर न्यायला येतो." म्हटलं, पितृपक्ष होऊ दे. ते म्हणाले, यजमान आले तर ठीक, नाहीतर सामान बांधा. बरं म्हटलं.
नागपूर वाईट नाही. पण काशी सोडायची...
चौकापासून दारापर्यंत भिंतींवर हे दर वर्षी पितृपक्षाआधी गेरूने बाण काढत. त्यावरून श्राद्धाला येणारे यजमान बिनचूक पोचत. चैत्रात हे गेले. मागच्या महिन्यात कुणी मोठे येणार म्हणून गल्लीला चुना मारला. भिंती कोऱ्या.
तुळशीला पाणी घातलं की नाही, आठवेना. पुन्हा घातलं.

३० ऑगस्ट
वैशाली म्हणते भिंत सोड, मी इंटरनेटवर बाण काढते. ज्या कॉम्प्युटर क्लासात शिकली तिथेच आता शिकवते. पुण्यामुंबईच्या यजमानांच्या मुलांकडे ऑफिसात कॉम्प्युटर आहेत, ते तिथेच बसून रस्ता बघून घेतील. दिनकरभटजी विधी सांभाळतील, स्वयंपाक मी.
कर म्हटलं.

३ सप्टें.
क्लासात नेलं, पान दाखवलं. इंग्रजीत आहे. मराठी अक्षरांची वेगळी कटकट असते म्हणे. चौक, बाण, ठठेरी बाजार, बाण, चौखंबा, बाण, मंगला गौरी, आमचं दार. बाण गेरूच्या रंगाचे. रंग, आकार हे सगळं वेगळ्या जागी एकदाच लिहून ठेवायचं, मग तिथे बदललं की सगळे बाण बदलतात. वै.ने विचारलं, "बाबांचा गेरू इतका लाल होता की कम?" थोडा कमी, म्हटलं. तिने आकडा बदलला, सगळे एकदम फिके झाले.
पण सगळ्यात वर मणिकर्णिका होती. तिथून एकच बाण निघून थेट आमच्या दारात.
म्हटलं, हे काढ.
"आई, वहीं से तो आते हैं लोग. मणिकर्णिका सगळ्यांना माहीत, चौक कुणाला माहीत?"
म्हटलं, येऊ देत. पण स्मशानातून आमच्या घरी या अशी खूण कुणी करतं का? तिथून परत येणाऱ्याला आपण 'या' म्हणत नाही. ह्यांनी तिकडे एक बाण काढला नाही, इतकी वर्षं.
"ती भिंत होती, हे पान आहे."
दार तेच आहे ना, म्हटलं.
काढलं तिने. 

६ सप्टें.
वै.ने सगळ्या यजमानांना पोस्टकार्डं घातली, पानाचा पत्ता लिहून.
शिंगाड्याचं पीठ संपलं. दिनकरभटजींना पितृपक्षाचं कळवलं.

१३ सप्टें., सोम.
गणपती. यंदा आमच्याकडे नाही. पाठकांची आरती ऐकू आली. टाळ्या वाजवल्या नाहीत, हात मांडीवर होते.
दुपारी पाठकांकडे फोन, पुण्याहून सोमण. म्हाताऱ्या सोमणांना वाट पाठ होती, ते मागल्या वर्षी माघात वारले. मुलगा पहिल्यांदाच येणार. म्हणाला, "काकू, पान उघडलं. पण चौक आणि ठठेरी बाजारच्या मधे गोलात आर आहे. ते काय?"
फोन वै.कडे दिला. कपाळाला हात. तिने बाणासाठी जो फाँट धरला होता, तो त्याच्या मशीनवर नाही. फाँट असेल तर बाण, नसेल तर त्या जागी जे अक्षर असेल ते. म्हणजे पुण्याला आमच्या गल्लीत आर उभे.

१५ सप्टें.
आता प्रत्येक बाणाला नंबर आहे म्हणते. डावा ८५९२, वर ८५९३, उजवा ८५९४, खाली ८५९५. खर्चाच्या वहीत मागच्या पानावर उतरवून ठेवले, कशाला ते कळत नाही. फाँट काही असो, नंबर दिला की बाण यायला हवा. क्लासात आला. गोदौलियाच्या दुकानातल्या जुन्या मशीनवर बाणाऐवजी प्रश्नचिन्ह. दुकानवाला म्हणे, "दीदी, रास्ता पूछ रही हैं कि बता रही हैं?"
वै. हसली. मीही हसले असेन.

१८ सप्टें., शनि.
शेवटी बाणाचं चित्रच केलं. चित्राला फाँट लागत नाही. मला म्हणाली, बाबा काढत तसा काढून दे. गेरू भिजवला, कागदावर काढला. मागे दोन पिसं, पुढे जाड टोक. वाळला की मशीनने उतरवून घेणार.
चित्र उमटलं नाही तर तिथे शब्द दिसतो, म्हणून उजवीकडे-डावीकडे लिहिते म्हणाली. म्हटलं, गल्लीत कोण उजवं-डावं म्हणतं, गंगेकडे आणि चौकाकडे म्हणतात. "आई, पुण्याच्या माणसाला गंगा कुठाय ते दिसतं का?" बरोबर आहे.
बिजली गेली. कागद वाळायला ठेवला होता तो तसाच.

२६ सप्टें., रवि.
पितृपक्ष लागला. ह्यांचा महालय यंदा नाही, वर्ष व्हायचंय. आज कुणी नाही.

२९ सप्टें.
नाशिकचे दोघे म्हातारे आले, सवयीने. ह्यांना हाक मारत जिना चढले. सांगितलं. बसून राहिले.
सोमणांचा फोन, परवा तिथी, सहा माणसं. सगळे बाण दिसले, कागदावर छापून घेतलंय. "स्टेशनवर कुणी नको काकू, येतो आम्ही."

१ ऑक्टो., शुक्र.
पहाटेपासून सोवळ्यात. खीर, वडे, आमसुलाची चटणी, गवार. दिनकरभटजी नऊला येऊन बसले. बारा वाजले. दोनला त्यांना दुसरीकडे जायचं होतं, गेले. वै. चौकापर्यंत जाऊन आली.
संध्याकाळी सोमणांचा मुलगा एकटाच आला, हातात केळ्यांचा घड. गाडी उशिरा आली, म्हणून आधी मणिकर्णिकेवर स्नान केलं. घाटाघाटाने यावं तर पुराचा गाळ. कागद काढला. "काकू, कागदावर मणिकर्णिका कुठेच नव्हती. आम्ही तर तिथेच उभे होतो." तिथल्या एका भटजीने विचारलं, महाराष्ट्रातले का, आणि सगळ्यांना घेऊन गेला. तिथेच तर्पण, तिथेच जेवण. पुढच्या वर्षीचंही ठरवून घेतलं त्यांनी.
त्याला खीर दिली. नको म्हणाला, मग खाल्ली.
वै.ने ताटं उचलली. 
वडे गायीला.

५ ऑक्टो.
कुणी नाही. भावोजींचा फोन. "आलं का कुणी?" आले होते, म्हटलं. किती ते सांगितलं नाही, त्यांनी तिकिटाचं काढलं, मी बरं-बरं म्हणत राहिले.

९ ऑक्टो., शनि.
सर्वपित्री. दोघं जण आले, चौकातून, बाण बघत. ठाण्याचे, नवीन. जेवून गेले. यावरून काही ठरत नाही.
दुपारी भांडी आवरल्यावर वै.ला म्हटलं, घाल ती मणिकर्णिका.
माझ्याकडे बघितलं तिने. "पक्का?"
घाल म्हटलं.
कागद-पेन्सिल घेऊन बसली. "बोल. घाटावरून वर आलं की पहिलं वळण कुठलं?"
सांगायला तोंड उघडलं. येईना. पाण्याकाठून मला माहीत आहे. गल्लीगल्लीने त्या बाजूने पुरुष जातात, पुरुषच परत येतात. चैत्रात ह्यांना नेलं तेव्हा मी जिन्यापर्यंत होते. वै.लाही जाऊ दिलं नव्हतं.
"तुला माहीत नाही?"
नाही म्हटलं. तुला?
नाही.
भटजींना विचारू, म्हणाली. म्हटलं, नको. उद्या सकाळी दोघी जाऊ. तिथे उभं राहायचं आणि घराकडे चालत यायचं, वळण येईल तसं लिहून घ्यायचं.
चपला दाराशी काढून ठेवल्यात.