हात लावू नका

१६ फेब्रु., सोम.
दवाखान्यातून सोडलं. काल महाशिवरात्र, निरंकार उपास, आणि त्यात इंदापूरकडच्या एका मळ्यावर छापा. बाहेरून मका, आत लसूण, लसणात अफू. झाडं उपटायला मीच पुढे, साहेबांपुढे मिरवायची हौस. हातमोजे घामाने चिकटायला लागले म्हणून काढून खिशात कोंबले. दुपार कलली तरी पोटात पाण्याचा थेंब नाही. वाकलो, उठलो, डोळ्यांपुढे अंधारी, धाडकन आडवा. शुद्धीवर आलो तेव्हा साहेब फोनवर, "अफूच्या चिकाची बाधा. आपला माणूस थोडक्यात वाचला." सलाइन लावल्यावर टुणटुणीत झालो. खरं सांगणार होतो. पण साहेबांनी सगळ्यांदेखत पाठीवर हात ठेवला आणि... राहिलं.

२० फेब्रु., शुक्र.
पेपरात फोटो. 'कर्तव्य बजावताना हवालदाराला विषबाधा'. सुनंदाने वाचून कपाळाला हात लावला. "इषबाधा? भगर तरी खावा म्हणून कानीकपाळी वरडत हुते मी!" बायकोला गप्प बसवलं. वर रिपोर्ट गेलाय, बक्षिसासाठी माझं नाव गेलंय. आता तोंड उघडायचं म्हणजे साहेब खोटे आणि मी उपाशीपोटी पडलेला बावळट. चांगलाच अडकलो.

२६ फेब्रु., गुरु.
बारामतीत प्रशिक्षण. पोलीस, अग्निशमन, अ‍ॅम्ब्युलन्सवाले, सगळे एका हॉलात. शिकवणाऱ्या डॉक्टर मॅडम छान बोलतात. अफू, तिच्या जातीच्या पावडरी, गोळ्या. मोजे-मास्क घाला, पावडर उडू देऊ नका, हात तोंडाला नेऊ नका, नंतर पाण्याने नीट धुवा. नुसता हात लागला म्हणून माणूस पडत नाही, हेही त्यांनी सांगितलं. पेशंटचा श्वास बसत चालला असेल तर आधी श्वास द्या, थांबू नका.
मग साहेबांनी मला उभं केलं. "हा बघा जिवंत पुरावा!" मॅडमचं सगळं शिकवणं पाण्यात. मी बोललो. रंगवून बोललो, त्याचीच लाज वाटते. अ‍ॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हर गुलाबतात्या, लोणी भापकरचे, पुढच्याच खुर्चीत. तोंड उघडं टाकून ऐकत होते.
चहाच्या वेळी मॅडमनी बाजूला घेतलं. "हवालदार, त्या दिवशी जेवला होतात का?"
"हो मॅडम."
जीभ कशी झडली नाही.

११ मार्च, बुध.
हायवेच्या ढाब्यावर ट्रकचा ड्रायव्हर बेशुद्ध, असा फोन. पोचलो तर अ‍ॅम्ब्युलन्स आधीच येऊन उभी. केबिनमध्ये माणूस स्टेअरिंगवर कलंडलेला, ओठ निळे, घशात घरघर. शेजारी फुटलेली पुडी. आणि गुलाबतात्या केबिनच्या दाराशी दोन्ही हात आडवे धरून. बरोबरचा माणूस फोनवर अंगभर घालायचे सूट मागवतोय.
"आत जाऊ नका हवालदार! तुमीच सांगितलं हाय न्हवं!"
मोजे चढवले, मास्क लावला, तात्यांना ढकललं, आत गेलो. काखेत हात घालून माणूस ओढून काढला. मग अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी श्वास द्यायची पिशवी लावली. मला काही म्हणजे काही झालं नाही. सगळ्यांनी बघितलं. तात्यांनी तर डोळे फाडून बघितलं.

१३ मार्च, शुक्र.
बारामतीच्या दवाखान्यात जाऊन आलो. माणूस मशीनवर. मॅडम म्हणाल्या, श्वास द्यायला उशीर झाला, मेंदूचं काही सांगता येत नाही. त्याचा बाप बाहेर बाकावर. तुम्हीच काढलं ना त्याला, म्हणत माझे पाय धरायला वाकला. मी मागे सरलो. पळालोच म्हणा.
तात्यांना नोटीस. ड्युटी नाकारली म्हणून. नोकरी जाईल म्हणतात.
साहेब मात्र खुशीत. "आता दोन्ही किस्से सांगायचे. एकदा बाधा झाली तरी पुन्हा घुसला! टाळ्याच टाळ्या." सतरा तारखेला वालचंदनगरला पुढचं प्रशिक्षण.
म्हटलं, "साहेब, थोडं बोलायचं होतं."
"वालचंदनगर झाल्यावर बोलू."

१६ मार्च, सोम.
संध्याकाळी तात्या घरी आले. शिव्या ऐकायची तयारी ठेवून दार उघडलं. नोटिशीचं त्यांनी नाव काढलं नाही. सुनंदाने दिलेला चहा तसाच निवला.
"हवालदार, येकच इचारतो. तुमी आत गेला, तुमाला काय झालं न्हाय. मग त्याला हात लावायचा हुता का न्हाय?"
"लावायचा होता."
"मोजं घालून?"
"मोजे, मास्क. नंतर हात धुवायचे."
"येवढंच?"
"एवढंच, तात्या."
रागावले असते तर बरं वाटलं असतं. मीच म्हणालो, छाप्याच्या दिवशी मी उपाशी होतो. त्यांनी मान हलवली, कळलं की नाही कोण जाणे. चपला घालताना म्हणाले, "उद्या वालचंदनगरला माजा धाकटा भाऊ बसणार हाय. त्यो बी गाडीवरच हाय. माजं ऱ्हाऊ द्या. त्याला तेवढं नीट सांगा."
ते गेल्यावर सुनंदा माझ्या ड्रेसला इस्त्री करत बसली.
साहेबांचा मेसेज आलाय. 'उद्या ११ वाजता. नेहमीसारखं जोरात होऊ द्या.'
'साहेब, मला बाधा झालीच नव्हती' असं दोनदा लिहून खोडलं. अजून पाठवलेलं नाही.