काठीची खोड

अण्णा, कापूरहोळच्या नाक्यावर माझं दुकान आहे. बिलियर्डसारखा पूल खेळायच्या जुन्या काठ्या घेतो, दुरुस्त करतो, विकतो. आता मोबाईलवर फोटो टाकून खाली माल कसा आहे ते लिहायची रीत आहे. लिहिणारे एकेक बघण्यासारखे असतात. "एकदम नवी, दोनदाच खेळलो." हातात घ्यावी तर मुठीवर घामाचं काळं कीट, आणि टेबलावर गडगडवली की टोक उड्या मारतं, म्हणजे काठी वाकडी. वरून कीर्तन, आतून तमाशा.

या लोकांची मला किळस येते, आणि किळस आली की तुम्ही आठवता. भोरच्या आपल्या सुतारकामाच्या दुकानात क्लबातल्या मोडक्या काठ्या यायच्या. चिरांत तुम्ही गोंद आणि भुसा भरायचात, वर पॉलिश मारायचात आणि "वापरलेली, पण चांगली" म्हणून खपवायचात. मी कॉलेजात होतो तेव्हा पालीहून एक मास्तर काठी घ्यायला आले. मी ती त्यांच्यासमोर टेबलावर गडगडवून दाखवली. मास्तर काठी न घेताच निघून गेले. तुम्ही रंधा खाली ठेवलात.

"बैलबाजारात खोड कोन आपणहून सांगतं का रं? इचारली तर सांगायची. न्हाई इचारली तर गप ऱ्हायाचं."

"पण अण्णा, वाकडी काठी घेऊन ते खेळणार कसे?"

"लई अक्कल आली तुला. जा, भुसा झाड."

त्या दिवशी तुम्ही माझ्या मनातून उतरलात ते उतरलातच. म्हणून माझ्या दुकानात मी खोड आधी लिहितो: किती वाकलीय, टोकाची चामडी टिप कितव्यांदा बदलली, जोड ढिला आहे का. गिऱ्हाईक हसतात, अर्धे पळतात. पळेनात का.

मी कॉलेज सोडून याच धंद्यात पडलो तेव्हा तुम्ही तुमची खेळायची काठी मला दिलीत. "अखंड लाकूड हाय, जप," म्हणालात. जपली. गेल्या आठवड्यात वरव्याची एक मुलगी आली. हायवेवरच्या क्लबात शिकते, पहिल्यांदाच स्पर्धेत उतरतेय. दुकानातली एकही काठी तिला पटेना. भिंतीवरची तुमची पटली. विकायची नव्हती, पण तिचा हात त्या काठीवर असा बसला की मला नाही म्हणवेना. खोड लिहायची म्हणून मुठीजवळचं पॉलिश जरा घासलं, तर खाली बोटभर चीर, भुसा भरून बुजवलेली. अहो, स्वतःच्या पोरालासुद्धा! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तुमची तर मेल्यावरही मागे उरली.

चीर मी तिला दाखवली, कागदावर लिहून दिली. जोरात मारलीस तर ऐन डावात फुटेल, हेही सांगितलं. तिनं त्या चिरेवरून बोट फिरवलं.

"काका, तुमी समदं खरं सांगताय. काठी हुती कुनाची?"

"माझ्या वडलांची."

"त्येबी आसंच खरं सांगायचे?"

मी "व्हय" म्हणालो. तेवढ्यावर तिनं काठी घेतली.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून लिहितो. तेवढं एक खोटं बोलताना मला लाज वाटली नाही, अण्णा. बरं वाटलं.