तहहयात म्हणजे कोणाची?

रविवार, १२ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत, तुम्ही तिघंही बरे असाल असं धरून चालते. वहिनीने पाठवलेला स्वेटर बाबांना ढगळ होतो, पण अंगातून काढायला तयार नाहीत. मी दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्याच्या काचा बसवते आणि घरी येऊन तुझ्या कंपनीचा करार वाचते. डोळे कोणाचे आधी जातात ते बघायचं.

तुमच्या कंपनीने ग्राहकांना पाठवलेला खुलासा मिळाला. ‘तहहयात परवाना म्हणजे उत्पादनाच्या हयातीपर्यंतचा परवाना.’ वा! उत्पादनाला हयात असते हे मला माहीत नव्हतं. तुम्ही ज्याला उत्पादन म्हणता ते आमच्या स्वयंपाकघरात टॅबवर बसून चहा मागतं. बाबा घाईघाईने टाइप करतात, अक्षरं इकडची तिकडे होतात आणि टॅब ऑपरेशनआधी रेकॉर्ड केलेल्या त्यांच्या खणखणीत आवाजात म्हणतो, “हाच दे.” मग मी विचारते, “कुठला?” आणि ते हसतात. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून हसण्याचा आवाज येत नाही, फक्त खांदे हलतात.

तुमची कंपनी विकत घेतलेल्या नव्या मालकांना महिनाअखेरीस जुनं सॉफ्टवेअर बंद करायचंय. नव्यात तयार आवाज मिळतील, आधी रेकॉर्ड केलेले चालणार नाहीत. म्हणजे बाबा बोलतील, पण कुठल्यातरी परक्या गृहस्थाच्या आवाजात. पन्नास पोरांना नुसत्या हाकेने मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला थांबवणारा माणूस, दादा.

तुमच्या वकीलबाईंनी तुला लेखी विचारलंय ना, करार लिहिताना ‘तहहयात’चा अर्थ काय धरला होता? तू ‘ग्राहकाची हयात’ लिहिलंस तर सगळ्या जुन्या लोकांसाठी त्यांना ते चालू ठेवावं लागेल आणि तुझी खुर्ची डळमळेल. मला कळतं ते. घरात लहान मूल आहे, नोकरी गंमत नाही. तरीपण.

तो शब्द कुठून आला ते आपल्या तिघांनाच माहीत आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू बाबांच्या खाटेशी बसून कराराचा मसुदा वाचून दाखवत होतास. तू ‘कायमस्वरूपी’ लिहिलं होतंस. बाबा म्हणाले, “कायमचं कोण असतं रे? तहहयात लिही. मी आहे तोवर बोलू दे म्हणजे झालं.” तू खोडून तसं लिहिलंस. कोणाची हयात ते लिहायचं राहिलं, कारण बाबा समोरच बसले होते.

हे मी फोनवर का सांगत नाही असं तुला वाटेल. मागच्या वेळी तू फोन केलास तेव्हा मी भांडी घासत होते आणि फोन स्पीकरवर होता. तू म्हणालास, “अगं, बाबांना अशी किती वर्षं लागणार आहे ते?” मी “हात ओले आहेत” म्हणून फोन ठेवला. दादा, हात ओले होते हे खरं, पण बाबा मागे टेबलाशी बसले होते. त्यांनी टॅब पालथा घातला आणि उठून गेले. तेव्हापासून चहासुद्धा बोटाने दाखवून मागत होते. मला तुझा इतका राग आला की तुला पत्र लिहायला बसले आणि तीनदा फाडलं.

आज सकाळी त्यांनी टॅब पुन्हा उघडला. मी म्हटलं, “बाबा, दादाला फोन लावते, तुम्हीच बोला. तुमचा आवाज ऐकला की तो मुकाट्याने लिहून देईल.” ते बराच वेळ टाइप करत होते. मग टॅब बोलला, एकही अक्षर न चुकता:

“म्हणूनच फोन लावू नकोस. त्याला आधी लिहू दे. माझा आवाज ऐकून लिहिलं तर ते त्याचं उत्तर नाही. काय लिहिलं ते मला सांगू नकोस. महिना संपला की मी त्याला फोन करीन. उचलल्यावर आवाजावरून त्याला कळेलच.”

मी यात एक अक्षर घातलेलं नाही. आता तू आणि तुझा कागद.

तुझी बहीण, अजून तरी,
धाकटी