उजव्या बाहूचा भार

१२ नोव्हेंबर
सौ.च्या उजव्या स्कंधाने असहकार पुकारून चार मास लोटले. आज अखेर फिजिओथेरपीचा शुभारंभ. चिकित्सक डॉ. निनाद : वय अठ्ठावीस, दंतपंक्ती निर्दोष, केशसंभार अक्षुण्ण. (मद्विषयी मौन.) एका हाताने खांद्याचे पाते स्थिर धरतो, दुसऱ्याने सांध्यातला गोळा हलकेच खाली सरकवतो. पाळण्याची लय. सौ.ने नेत्र मिटले. मी प्रेक्षागारात.

१५ नोव्हें.
हात भुवईपर्यंत. परतताना उरण नाक्याजवळ, रिक्षात, सौ. : "किती हलका हात आहे हो त्याचा!"
एकोणतीस वर्षांच्या दांपत्यजीवनात मत्करकमलांस असे विशेषण लाभल्याचे स्मरत नाही.

१९ नोव्हें.
निष्कासन! मी कक्षात असलो की सौ. खांदा आखडून घेते, असे चिकित्सकमहाशयांचे निरीक्षण. बाहेर बाकावर गव्हाणच्या सुमनताई. मासळीच्या पाट्या उचलून त्यांचाही खांदा गेलेला. म्हणाल्या, "दादा, तुमी भायेरच बरं हाय. तुमचं तोंड बगून माजा पन आखडतो."

२४ नोव्हें.
मला गृहपाठ. सौ. उताणी, मी तिचा बाहू कोपराशी व मनगटाशी तोलायचा, सावकाश बाजूला न्यायचा, वेदनेच्या अलीकडे थांबायचे. निनाद : "काका, आधी हाताचं वजन तुमच्याकडे यायला हवं. काकू स्वतःच धरून ठेवतायत."
काका!
त्याच्याकडे वजन तत्काळ जाते. माझ्याकडे नुसता हात येतो.

२५ नोव्हें.
सायं. प्रयोग.
"सोड."
"सोडलाय."
तळवे किंचित खाली घेतले. बाहू हवेत तसाच, स्वयंभू.
"आणि एवढं घट्ट नका धरू. पळून जात नाहीये मी."

२७ नोव्हें.
कारण ज्ञात आहे. लिहून टाकतो. जुलैत खांदा नुकता धरू लागला होता. 'आळस आहे, व्यायामाने सुटेल' असे प्रवचन झोडून मी तिचा हात झटक्याने वर ओढला. ती किंचाळली. मी हसलो. तिने पुन्हा विषय काढला नाही, खांद्याने मात्र...
निनादपाशी दंतपंक्तीहून अधिक हेवा करण्याजोगी एक वस्तू आहे : कोरा इतिहास.

३० नोव्हें.
चहाच्या वेळी धैर्य एकवटून : "अगं, जुलैत मी तुझा हात ओढला, ते..."
"आत्ता आठवलं?"
सौ.ने वर्तमानपत्र उघडले. मग : "बाजूला सरका, उजेड अडवताय."
क्षमा की केवळ उजेड, अनिर्णित.

३ डिसें.
दवाखान्यात बाहू कानाला टेकला! टाळ्या, सुमनताईंचा जयघोष, तिघांचे मुक्त हास्य. दाराच्या फटीतून पाहिले. आनंद झालाच, पण ईर्ष्येने दग्ध होऊन झाला.

५ डिसें.
दुपारी, भोजनोत्तर, विधी. निनादची लय उसनी घेतली. दहा-बारा आंदोलने झाली असतील. अकस्मात बाहू जड झाला. मनगटापासून कोपरापर्यंत, अखंड, भिजल्या सतरंजीसारखा.
नेत्र मिटलेले. विश्वास की वामकुक्षी? विचारावे तर जागी होणार.
दारावर इस्त्रीवाल्याने दोनदा घंटा वाजवली. माझा डावा पाय बधिर. हललो नाही.