निवटीतली चरबी

कोचीन, ४ जानेवारी १९९८

शिवादादास पुतळीचा नमस्कार.

मी बरी आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

धरमतरच्या खाडीतल्या निवट्या तू बर्फात पाठवल्यास, त्या नीट पोचल्या. प्रयोगशाळेत मी त्या माशांचं मांस वाटून रसायनात त्यातलं तेल उतरवलं. यंत्रानं एकेक चरबी वेगळी करून कागदावर दाखवली. आमच्या मॅडम म्हणाल्या, "ही तर हृदयाला चांगली."

दादा, बाबांना हृदयाचा झटका आल्यावर "मासे बंद करा" असं मीच लिहिलं होतं. वर्षानं मी सुट्टीत आले तेव्हा ते म्हणाले, "निवटीचं कालवण नाय का गो?" मी पेज पुढे केली. महिन्याभरात ते गेले.

आईला हे सांगू नकोस. माझ्या शब्दावर विसंबून तिनं वर्षभर त्यांना मासा वाढला नाही.

तुझी धाकटी,
पुतळी