छातीवरचा लाल दिवा

मंगळवार, दिवेलागण

आज सुनेला, सुनंदाला घेऊन चौकीवर जाऊन आले. माझा विलास नाक्यावर पोलिसांशी हुज्जत घालताना पडला आणि गेला. ते म्हणतात, आपला आपणच पडला. सुनंदा तेव्हा त्याच्या रिक्षात मागे बसलेली. गर्दीत तिला धड काही दिसलं नाही, हवालदाराच्या छातीवरच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा तेवढा दिसला.

तिसऱ्याच दिवशी ती म्हणालेली, "आई, ते रेकॉर्डिंग मागायला जाऊ या." मीच डाफरले. "सुतकात उंबरा ओलांडतेस? तेरावं होऊ दे, महिन्याचं घालू दे, मग बघू."

आज साहेब म्हणाला, "आजी, तीस दिवसांनी ते पुसलं जातं. आधी अर्ज दिला असता तर राखून ठेवलं असतं."

मी म्हटलं, "जिथं माणूस मेला तिथलं तरी न मागता ठेवायला नको? नियम लिहिणाऱ्याच्या घरी कधी सुतक पडलं नसेल."

साहेबानं समोरचं रजिस्टर मिटलं. त्याच्याही छातीवर तसाच लाल दिवा. म्हणजे माझी बडबड राहील महिनाभर. विलासचं शेवटचं बोलणं नाही.

येताना सुनंदानं हात धरून मला रस्ता ओलांडून दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दहाव्याला कावळा लगेच शिवला, तेव्हा मीच सगळ्यांना सांगितलं, पोराचं काही मागे राहिलं नाही. राहिलेलं. त्या लाल दिव्यात राहिलेलं.